खो-खोच्या मैदानावर फोटोचे दुकान : सोलापुरातील तीन दिवसांचा हिशेब

मैदानावर फोटो काढून तिथेच छापून देण्याचा धंदा सोलापूरला नवा नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली, की होम मैदानावर रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतलेली माणसे या शहरात घरोघरी सापडतील. तिथे क्रम सोपा असतो. गिऱ्हाईक स्वतः चालत येते, दर विचारते, केस सारखे करते आणि मग फोटो निघतो. शालेय खेळांच्या मैदानावर मात्र हा क्रम उलटतो. फोटो आधी निघतो. ज्याचा फोटो असतो त्याच्या खिशात पैसे नसतात. आणि ज्याच्या खिशात पैसे असतात ती व्यक्ती त्या वेळी मैदानावर असेलच याचा भरवसा नसतो. पुढे मांडलेले प्रकरण या उलट्या क्रमाचे आहे. गेल्या डिसेंबरात माझ्या मावसभावाने एका खो-खो स्पर्धेत तीन दिवस फोटोचे दुकान मांडले आणि मी तिन्ही दिवस गल्ल्यावर बसलो. आकडे माझ्या वहीतले आहेत. स्पर्धा, संघ आणि माणसे यांची नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत.

मावसभावाचा स्टुडिओ पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे आहे. लग्ने, पासपोर्ट फोटो आणि शाळांची ओळखपत्रे हे त्याचे नेहमीचे काम. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांना जागेवर फोटो देता यावेत म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी डाय-सब प्रिंटर, म्हणजे उष्णतेने रिबिनीवरचा रंग कागदावर चढवणारे यंत्र, घेतला होता. धनुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे तो प्रिंटर कापडाखाली झाकून पडलेला होता आणि नेमकी त्याच दिवसांत शहरात १४ आणि १७ वर्षांखालील मुलामुलींची निमंत्रित खो-खो स्पर्धा भरणार असल्याचे समजले. दोन मैदाने, २४ संघ, प्रत्येकी १२ खेळाडू, म्हणजे २८८ मुले. वेळापूर, वाडीकुरोली यांसारख्या गावांनी या जिल्ह्यात खो-खोचे वेड जोपासलेले आहेच. त्यात जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला विश्वचषक पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने जिंकल्यापासून खांबावर सूर मारतानाचा आपला फोटो असावा, ही इच्छा प्रत्येक मुलाच्या मनात असते. २८८ मुलांपैकी निम्म्यांनी एकेक फोटो घेतला तरी काम झाले, असा मावसभावाचा अंदाज होता. अंदाजातले गणित बरोबर होते. चूक होती ती ‘मुलांनी घेतला’ या शब्दांत.

करार

आयोजकांपुढे दोन पर्याय होते. विक्रीतला वाटा घ्यायचा किंवा जागेचे ठरावीक भाडे घ्यायचे. त्यांनी तीन हजार रुपये भाडे मागितले, दीड हजार आगाऊ घेतले आणि “आता तुम्ही बिनघोर बसा मालक” असे सांगून ते मोकळे झाले. आम्हालाही ते बरे वाटले, कारण विक्रीचा हिशेब कोणाला दाखवावा लागणार नव्हता. या बिनघोरपणाची किंमत पहिल्याच दिवशी कळली. भाडे ठरल्यावर फोटो विकले जावोत अथवा न जावोत, आयोजकांना त्यात काही गोडी उरली नाही. दिवसभर ध्वनिक्षेपकावरून पाण्याचे टँकर, हरवलेली चप्पल आणि पुढच्या सामन्याचे संघ यांच्या घोषणा होत राहिल्या. फोटोच्या टेबलाचा उल्लेख एकदाही झाला नाही. टेबलही आम्हाला मिळाले ते पाण्याच्या टाकीपासून दूर, जिथे सामना संपल्यावर कोणी सहज येत नाही अशा कोपऱ्यात.

संमतीची बाजू मात्र आम्ही आधी सांभाळली आणि त्याचे श्रेय वहिनींना, म्हणजे मावसभावाच्या पत्नीला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा असते. कायदा बाजूला ठेवला, तरी दुसऱ्याच्या मुलीचा फोटो फळ्यावर टांगायचा तर तिच्या घरच्यांना विचारले पाहिजे, ही साधी रीत आहे. आम्ही प्रत्येक संघाच्या क्रीडाशिक्षकांना चार ओळींचा मजकूर आठवडाभर आधी पाठवला आणि पालकांच्या सह्या आणायला सांगितले. बावीस संघांच्या सह्या आल्या. मुलींच्या एका संघाच्या सरांनी स्पष्ट नकार दिला, तर एका संघाने कागदच आणला नाही. या दोन संघांच्या सामन्यांच्या वेळी कॅमेरा बंद ठेवायचा असे ठरले आणि ते पाळले गेले.

पहिला दिवस

शुक्रवारी सकाळी साडेसातला पहिला सामना सुरू झाला. मावसभाऊ एका मैदानावर आणि त्याचा मदतनीस दुसऱ्या मैदानावर. खो-खोत छायाचित्रकाराला दोन खांबांपैकी एकाची निवड करावीच लागते, कारण दोन्ही टोके एका वेळी लेन्सच्या टप्प्यात नीट येत नाहीत. हिवाळ्यातले सकाळचे ऊन तिरपे असते. सूर्य पाठीमागे राहील आणि सूर मारणाऱ्याचे तोंड उजेडात येईल असा खांब निवडून, गुडघ्यावर बसून, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या शटरवर तो फोटो घेत राहिला. फोटो उत्तम होते, यात शंका नाही. मुरमाची धूळ उडालेली, गडी आडवा झेपावलेला, बोटे पळणाऱ्याच्या टाचेपासून वीतभर अंतरावर. दुपारपर्यंत दोन्ही कॅमेऱ्यांत मिळून दोन हजारांच्या आसपास फोटो साठले.

योजना अशी होती की चांगले फोटो आधीच छापायचे, दोरीला चिमट्यांनी लावायचे आणि मुलांनी येऊन आपला फोटो ओळखून घ्यायचा. चार बाय सहा इंचाचा दर पन्नास रुपये होता. इथे प्रिंटरची रीत सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा बराचसा हिशेब तिच्यावर उभा आहे. या यंत्रात शाई नसते. रिबिनीवर पिवळा, किरमिजी आणि आकाशी असे तीन रंग आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर, असे फोटोच्याच मापाचे पट्टे एकापाठोपाठ असतात. तापलेल्या हेडखालून कागद चार वेळा जातो आणि दर वेळी एक थर कागदावर चढतो. शेवटच्या थरामुळे घामाच्या, मातीच्या हातांनी धरला तरी फोटो फिसकटत नाही, आणि मैदानावर हे यंत्र नेण्याचे खरे कारण तेच आहे. मात्र फोटोत काहीही असो, रिबिनीचा पूर्ण पट्टा खर्च होतो आणि एकदा वापरलेला पट्टा पुन्हा कामी येत नाही. आमच्या हिशेबाने चार बाय सहाच्या एका फोटोला कागद आणि रिबीन मिळून दहा रुपये पडत होते. तो फोटो विकला गेला काय आणि दोरीवर राहिला काय, दहा रुपये गेलेच.

शुक्रवारी १६० फोटो छापले. त्यांतले १४ डागाळले, कारण उघड्या मंडपात मुरमाची बारीक धूळ यंत्रात शिरली. कागदावर धुळीचा कण बसला, की तिथे रंग उतरत नाही आणि पांढरा ठिपका राहतो. तो नेमका चेहऱ्यावर आला की फोटो बाद. उरलेल्या १४६ पैकी विकले गेले ३१. गल्ल्यात १,५५० रुपये.

दोरीपुढे गर्दी नव्हती असे नाही. मुले सतत येत होती, एकमेकांना फोटो दाखवून हसत होती. एका मुलाने विचारले, “काका, कितीला हाय ओ एक?” पन्नास रुपये म्हटल्यावर तो मागे सरकला आणि म्हणाला, “मग नको. मोबाइलमध्ये मारून घेऊ का नुसता?” मुलांच्या खिशात वडापावपुरते पैसे होते. शुक्रवार असल्याने पालक कामावर होते. तालुक्याहून आलेले संघ टेम्पोने आले होते आणि हरलेल्या संघाचे सर अर्ध्या तासात मुलांना घेऊन परतीला लागत होते. आमचा फोटो मात्र सामना संपल्यानंतर दीड-दोन तासांनी दोरीवर चढत होता, कारण मावसभाऊ सामने संपवून येणार, मग फोटो निवडले जाणार, मग छापले जाणार. बार्शीच्या एका संघाचे अकरा सुंदर फोटो दोरीवर लागले तेव्हा त्यांचा टेम्पो बार्शीच्या वाटेवरच्या बाळे गावाच्या पुढे गेला असावा.

त्या रात्रीचा हिशेब

रात्री जेवणे झाल्यावर स्टुडिओत बसून हिशेब मांडला तेव्हा मावसभावाचे सारे लक्ष न विकल्या गेलेल्या ११५ फोटोंवर होते. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. त्या ११५ फोटोंचा खर्च साडेअकराशे रुपये. त्यापेक्षा मोठे नुकसान दुसरे होते. कोणी मागितलेले नव्हते ते फोटो छापण्यात यंत्र गुंतले होते, आणि टेबलाशी उभा राहून आपला फोटो मागणाऱ्याला “जरा थांबा” असे सांगावे लागत होते. दुपारी एक सर स्वतःहून संघाचा फोटो मागायला आले होते. त्यांना आम्ही चाळीस मिनिटे थांबवले आणि ते निघून गेले.

दुसरी गोष्ट वहिनींच्या लक्षात आली. त्या दिवसभर फोटो निवडत होत्या. त्या म्हणाल्या, की खांबावरचा सूर कितीही चांगला टिपलेला असला तरी त्यात मुलाचे तोंड खाली जाते आणि आईला तोंड दिसले पाहिजे. विकल्या गेलेल्या ३१ फोटोंत सुराचे फक्त सहा होते. बाकीचे गडी बाद झाल्यावर हात वर केल्याचे, खो देताना मागे वळून पाहतानाचे आणि दोघी-तिघींनी खांद्यावर हात टाकल्याचे होते. त्यांचा दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. आक्रमण करताना नऊपैकी आठ गडी बसलेले असतात आणि एकच पळतो. शिवाय तीन राखीव गडी बाहेरच असतात. खेळाच्या फोटोंत चपळ खेळाडू पुनःपुन्हा येतात आणि निम्म्या संघाचा एकही फोटो नसतो. दुपारी एका राखीव मुलाची आई दोन गल्ल्या पलीकडून चालत आली होती. तिने सगळी दोरी पाहिली आणि विचारले, “माझ्या पोराचा एक बी नाही का ओ?” नव्हता. विकत घेण्याच्या तयारीने आलेल्या त्या दिवसाच्या मोजक्या पालकांपैकी ती एक होती आणि तिला देण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

रात्री बाराला जे ठरले ते असे : मागणी आल्याखेरीज काहीही छापायचे नाही. सामना सुरू होण्यापूर्वी संघ रांगेत उभे असतात, तेव्हा राखीव गड्यांसह प्रत्येकाचा छातीपर्यंतचा एक स्वच्छ फोटो आणि संघाचा एक एकत्र फोटो घ्यायचा. प्रत्येक सामन्याचा पहिला फोटो गुणपत्रकाचा, म्हणजे पुढचे सगळे फोटो कोणत्या संघाचे ते ओळखता येईल. आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाला रोजावर घ्यायचे. त्याने मध्यंतरात कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड आणून वहिनींना द्यायचे आणि रिकामे कार्ड परत न्यायचे. आणि सकाळी आयोजकांशी पुन्हा बोलायचे.

दुसरा दिवस

आयोजकांशी बोलणे सोपे गेले. उरलेले दीड हजार भाडे देण्याऐवजी विकल्या गेलेल्या प्रत्येक सुट्या फोटोमागे दहा रुपये क्रीडासाहित्यासाठी द्यायचे ठरले आणि वही कोणालाही पाहण्यासाठी उघडी ठेवायची. तासाभरात टेबल पाण्याच्या टाकीशेजारी आले आणि प्रत्येक सामन्यानंतर ध्वनिक्षेपकावरून आमचा उल्लेख होऊ लागला. शेवटी या मार्गाने भाड्यापेक्षा ७६० रुपये जास्त गेले. तीन दिवसांत केलेल्या खर्चांपैकी मला हा सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

पाण्याची टाकी हे मोक्याचे ठिकाण होते, कारण सामना संपला की दोन्ही संघ आधी तिथेच येतात, पाणी पितात आणि मग सर त्यांना बाजूला घेऊन बोलतात. ही पंधरा-वीस मिनिटे हाच आमचा बाजार होता. वहिनी पहिल्या डावाचे फोटो सामना चालू असतानाच निवडून ठेवत आणि सामना संपून दहा मिनिटे होण्याच्या आत त्या संघाचे वीस-बावीस फोटो टॅब्लेटवर तयार असत. आरंभी आम्ही साठ-सत्तर फोटो दाखवत होतो. त्यामुळे मुले निवडतच बसत आणि सरांनी हाक मारली की काही न घेता पळत. संख्या कमी केली तशी विक्री वाढली.

निवडताना वहिनी आणखी एक काम करत. कपडे अस्ताव्यस्त झालेले, पडताना वेडेवाकडे टिपले गेलेले फोटो टॅब्लेटवर येण्याआधीच कायमचे काढून टाकले जात. तसेच फोटो फक्त त्या संघातील खेळाडू, त्यांचे सर किंवा पालक यांनाच दाखवायचा आणि द्यायचा, असा नियम होता. शनिवारी दुपारी एक गृहस्थ आले आणि दुसऱ्याच गावच्या संघातील मुलीचा ‘चांगला आलाय’ म्हणून फोटो मागू लागले. ते तिचे कोणी लागत नव्हते. त्यांना नाही म्हटले आणि संघाच्या सरांच्या कानावर घातले. टेबलाभोवतीच्या दोरीवर फोटो टांगणे बंद केल्याचा हा आनुषंगिक फायदा होता, जो आम्ही आधी विचारात घेतला नव्हता.

पैशांचा प्रश्न चिठ्ठीने सोडवला. मुलाने फोटो पसंत केला की त्याच्या हातात सामन्याचा क्रमांक, फोटोचा क्रमांक आणि दर लिहिलेली चिठ्ठी द्यायची; घरी दाखवून दुसऱ्या दिवशी पैसे आणायचे, किंवा पालकांनी चिठ्ठीवरच्या क्यूआर कोडवर पैसे भरून सरांना कळवायचे. शहरातल्या संघांसाठी हे चालले. तालुक्याच्या संघांसाठी सरांमार्फत संघाच्या फोटोचा संच ठेवला : बारा मुलांना प्रत्येकी एक चार बाय सहा, तीस रुपयांप्रमाणे, आणि शाळेच्या कार्यालयासाठी सहा बाय आठचा एक मोफत. नऊ संघांनी संच घेतला. त्यातल्या दोन संघांचे पैसे सरांनी स्वतःच्या खिशातून दिले हे मला दिसले. ते नंतर मुलांकडून वसूल झाले असतील असे मला वाटत नाही.

मोबाइलवर टॅब्लेटचा फोटो काढून घेणाऱ्या मुलांवर मावसभाऊ चिडत होता. “दादा, असं फुकट नेल्यावर आपण काय खायचं?” असे त्याने मला दोनदा विचारले. वहिनींचे मत निराळे होते आणि त्यांनी त्याला गप्प बसवले. पडद्यावरून टिपलेले ते चकाकते, तिरके फोटो त्या रात्री घराघरांतल्या ग्रुपवर फिरले. रविवारी आलेल्या किमान डझनभर पालकांनी आपला मोबाइल पुढे करून “हाच पाहिजे, पण स्वच्छ” अशी मागणी केली.

यंत्राने मात्र शनिवारी दोनदा दगा दिला. मंडपाचा जनरेटर बदलताना वीज क्षणभर गेली आणि हेडखाली असलेला फोटो अर्धवट रंगून अडकला. रिबीन कापून, जोडून पुन्हा बसवण्यात अर्धा तास गेला. असे पाच फोटो वाया गेले. त्यानंतर दुकानातला इन्व्हर्टर आणि बॅटरी मागवून प्रिंटर त्याच्यावर चालवला. दुपारी ताडपत्रीखाली उकाडा वाढला तेव्हा यंत्र दर काही फोटोंनंतर हेड थंड होण्यासाठी स्वतःहून थांबू लागले. डिसेंबरात ही स्थिती, तर सोलापूरच्या एप्रिलमध्ये उघड्यावर हे यंत्र नेणे व्यर्थ आहे. आम्ही ते शाळेच्या व्हरांड्यात भिंतीआड हलवले, वर स्वच्छ चादर टाकली. उकाडा आणि धूळ हे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी मिटले.

शनिवारची विक्री : सुटे ५८ फोटो, संचांतले १०८, आणि शुक्रवारच्या उरलेल्यांपैकी १७, कारण त्या मुलांचे संघ पुढच्या फेरीत गेले होते. गल्ल्यात ६,९९० रुपये.

तिसरा दिवस

रविवारी अंतिम सामने आणि बक्षीस समारंभ होता. सुट्टी असल्याने शहरातल्या संघांचे पालक, आज्या, शेजारी असे सगळे आले. सहा बाय आठच्या फोटोंची मागणी आदल्या दिवशीच जाणवली होती. मापानुसार रोल बदलावा लागतो, आणि चालू रोल काढून दुसरा घातला की सुरुवातीचे काही कागद कोरेच बाहेर पडतात. म्हणून ओळखीच्या एका स्टुडिओकडून दीड हजार रुपये भाड्याने दुसरा प्रिंटर आणला आणि दोन्ही मापे स्वतंत्र केली.

सहा बाय आठमध्ये एक अडचण आहे, जी कॅमेरा हाताळणाऱ्यालाही ऐन वेळी आठवत नाही. कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन या प्रमाणात असते आणि चार बाय सहाचा कागदही त्याच प्रमाणात असतो. सहा बाय आठ मात्र चारास तीन आहे. पूर्ण कागद भरायचा तर फोटोच्या बाजू कापाव्या लागतात, आणि खो-खोचा सूर म्हणजे बोटांपासून पायांपर्यंत आडवी रेघ. बाजू कापली की नेमकी बोटे जातात, आणि सगळी गंमत तर त्या बोटांत असते. आम्ही फोटो न कापता आठ इंच रुंद आणि सव्वापाच इंचांहून किंचित अधिक उंच ठेवला आणि खाली उरलेल्या पाऊण इंचाहून कमी पांढऱ्या पट्टीवर मुलाचे नाव, संघ आणि वर्ष छापले. ही तडजोड होती, पण रविवारी फोटो खपला तो त्या पट्टीमुळे. “नाव टाकून देताय ना?” हा पहिला प्रश्न असे. पूर्व भागातली तेलुगू आडनावे मराठीत लिहिताना आमच्याकडून दोन चुका झाल्या आणि तीन फोटो वाया गेले. मग चिठ्ठीवर मुलानेच आपले नाव लिहून द्यायचे अशी सोय केली. वहिनी तेलुगू बोलतात. एका आजींना नातवाच्या पदकाचा फोटो दाखवताना त्यांनी जो दहा मिनिटांचा संवाद केला, त्याचा शब्दही मला कळला नाही. शेवटी आजींनी दोन फोटो घेतले, एक घरासाठी आणि एक मुलीच्या सासरी पाठवण्यासाठी.

बक्षीस समारंभानंतर दीड तास रांग होती. यंत्रे वेगात चालत होती; चार बाय सहाचा फोटो वीस सेकंदांच्या आत निघत होता. वेळ जात होता तो निवडण्यात, कारण एका फोटोवर आई, वडील, मामा आणि स्वतः खेळाडू अशा चौघांचे एकमत व्हावे लागत होते. पुढच्या वेळी टॅब्लेट दोनऐवजी चार ठेवावेत, तिसरा प्रिंटर आणू नये, असे मी वहीत लिहून ठेवले आहे.

रविवारी चार बाय सहाचे ८४ आणि पुठ्ठ्याच्या माउंटसह सहा बाय आठचे ६७ फोटो, दर १२० रुपये, असे विकले गेले. गल्ल्यात १२,२४० रुपये.

जमाखर्च

तीन दिवसांची एकूण जमा २०,७८० रुपये. खर्चात कागद-रिबीन ५,७३०, माउंट १,००५, मदतनीस आणि कार्ड आणणारा मुलगा मिळून ४,०००, आयोजकांना ३,७६०, मंडप-टेबल-टेम्पो २,४००, प्रिंटरभाडे १,५००, चहा-जेवण ९००. बेरीज १९,२९५. शिल्लक १,४८५ रुपये, आणि त्यात मावसभाऊ, वहिनी आणि मी अशा तिघांची मजुरी धरलेली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत पाच शाळांनी कार्यालयात लावण्यासाठी संघाच्या फोटोच्या मोठ्या फ्रेम करून घेतल्या, त्यातून खर्च वजा जाता आणखी दीड हजार मिळाले. तीन दिवस, तीन माणसे आणि तीन हजार रुपये : धंदा म्हणून हे आकडे कोणाला सांगण्यासारखे नाहीत. पण रविवारचा दिवस वेगळा काढून पाहिला तर त्या एका दिवसाने इतर दोन दिवसांचा तोटा भरून काढला. म्हणून मावसभावाला माझा सल्ला असा आहे की पूर्ण स्पर्धेचे दुकान मांडूच नये. साखळी सामन्यांच्या दिवशी एका माणसाने केवळ रांगेतले आणि संघाचे फोटो काढून चिठ्ठ्या वाटाव्यात आणि यंत्रे, माणसे, मंडप हे सगळे अंतिम दिवशीच आणावे. त्याला हे अर्धेच मान्य आहे. पहिल्या दिवशी छापलेले फोटो दिसल्याशिवाय लोकांना विश्वास बसत नाही, असे तो म्हणतो. दहा नमुने लावावेत, एवढे मलाही मान्य आहे, फक्त ते गेल्या वर्षीच्या खेळाडूंचे, त्यांच्या पालकांना विचारून घेतलेले असावेत.

एक गाठ अजून सुटायची आहे. स्पर्धा संपल्यावर आयोजकांनी स्मरणिकेसाठी सगळे फोटो मागितले आणि ते आपल्याच मालकीचे आहेत अशा स्वरात मागितले. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील तरतूद अशी आहे की मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक तो काढून घेणारा असतो. आयोजकांनी आम्हाला मोबदला दिलेला नव्हता, उलट आम्हीच त्यांना पैसे दिले होते. त्यामुळे खेळाचे फोटो मावसभावाचे ठरतात. शाळांनी आधी सांगून काढून घेतलेल्या संघाच्या फोटोंची बाब वेगळी आहे. शिवाय पालकांनी संमती दिली ती फोटो काढण्यास आणि त्यांना विकण्यास; स्मरणिकेत छापण्याचा उल्लेख त्या चार ओळींत नव्हता. आम्ही फक्त विजेत्या संघांचे फोटो, त्या शाळांकडून लेखी होकार आल्यावर दिले. आयोजकांना ते रुचलेले नाही. पुढच्या वर्षीच्या करारात हा मुद्दा पहिल्या कलमात घ्यायचा आहे.

शुक्रवारच्या न विकल्या गेलेल्या फोटोंपैकी ९८ उरले होते. ते संघवार लावून शाळांना मोफत पाठवून द्यावेत असे वहिनींनी सुचवले आणि आम्ही एका संध्याकाळी ते घेऊन बसलो. ७१ फोटोंतले संघ बनियनवरच्या नावांवरून ओळखता आले आणि पाकिटे घालून रवाना झाले. २७ फोटोंतली मुले कोणत्या गावची, ते शेवटपर्यंत कळले नाही, कारण त्या दिवशी गुणपत्रकाचा फोटो घेण्याची पद्धत आम्ही सुरू केलेली नव्हती. अनोळखी मुलांचे फोटो दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहू नयेत म्हणून वहिनींनी ते फाडले. त्यातला एक मावसभावाने हातात धरून ठेवला होता : खांबाला हाताने विळखा, पाय जमिनीपासून वर, धुळीत तोंड झाकलेले. तो फोटो त्या तीन दिवसांतला सर्वांत चांगला होता. थोड्या वेळाने त्याने तोही पुढे केला.